पाय जमिनीला लागला नव्हता, तरी हक्क आहे: व्हिएतनाम युद्धातल्या नौसैनिकांसाठी एजंट ऑरेंजच्या भरपाईचा अर्ज

माझ्या सासऱ्यांच्या कपाटात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. त्यात अमेरिकन नौदलाचं ओळखपत्र, डेकवर काढलेले दोन फोटो आणि २००९ सालचं एक पत्र. एजंट ऑरेंज या युद्धात फवारलेल्या विषारी तणनाशकामुळे मधुमेह झाला म्हणून मागितलेली भरपाई नाकारल्याचं ते पत्र. कारण एका ओळीत दिलेलं: तुम्ही व्हिएतनामच्या भूमीवर उतरल्याचा पुरावा नाही. त्यांनी पत्राची घडी घातली, डब्यात ठेवली आणि पुढची दहा वर्षं तो विषय घरात निघाला नाही. एकदा मीच विचारलं तेव्हा म्हणाले, "नाही म्हणाले ना, मग नाही."

माझं माहेर साताऱ्याकडचं. आमच्याकडे घरटी एक माणूस फौजेत आणि त्याच्या पेन्शनच्या कागदांची पिशवी देव्हाऱ्याशेजारी. त्यामुळे सरकारी कागद टाकून द्यायचा नसतो, हे मला लहानपणापासून माहीत. सासऱ्यांनीही तो टाकला नव्हता. २०२० मध्ये समुद्रातली सेवाही धरणारा नवा कायदा लागू झाला, आम्ही पुन्हा अर्ज केला आणि भरपाई धरली गेली ती २००९ पासून. ती तारीख त्याच पत्रामुळे मिळाली.

अमेरिकेतल्या किती तरी मराठी घरांत आता अशी नाती आहेत. कुणाचे सासरे, कुणाच्या जावयाचे वडील, कुणाचे शेजारी, मराठी डॉक्टरांचे तर रोजचे पेशंट. ही माणसं आता पंचाहत्तरी-ऐंशीच्या पुढची आहेत आणि स्वतःसाठी कुठे जाऊन भांडत नाहीत. त्यांच्यासाठी कागद घेऊन बसणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिते आहे.

भांडण नेमकं कशावरून होतं

१९६२ ते १९७१ या काळात अमेरिकेच्या विमानांनी दक्षिण व्हिएतनामच्या जंगलांवर आणि शेतांवर सात कोटी लिटरहून अधिक तणनाशक फवारलं. झाडांची पानं गळावीत आणि लपायला जागा राहू नये, हा हेतू. त्यात सर्वांत जास्त वापरलेलं ते एजंट ऑरेंज. हे नाव पिंपांवरच्या नारिंगी पट्ट्यामुळे पडलं. २,४-डी आणि २,४,५-टी ही दोन रसायनं त्यात समप्रमाणात होती आणि दुसऱ्याच्या निर्मितीत तयार होणारं डायॉक्सिन त्यात भेसळीसारखं राहून जायचं. खरं विष ते.

१९९१ च्या एजंट ऑरेंज कायद्यानं एक मोठी सोय केली. ९ जानेवारी १९६२ ते ७ मे १९७५ या काळात व्हिएतनाममध्ये सेवा केलेल्या सैनिकाला ठरावीक यादीतला आजार झाला, तर तो तणनाशकामुळेच झाला असं सरकार गृहीत धरतं. विषाचा संपर्क आला होता हे सैनिकानं सिद्ध करायचं नाही. पण 'व्हिएतनाममध्ये' म्हणजे कुठे? सुरुवातीला व्हिएतनाम सेवापदक असलं तरी पुरायचं. २००२ पासून माजी सैनिक व्यवहार विभागानं, ज्याला इथे सगळे 'व्हीए' म्हणतात, जमिनीवर पाय ठेवल्याची किंवा आतल्या नद्यांमध्ये गेल्याची अट घातली. २००८ मध्ये 'हास' खटल्यात फेडरल सर्किट न्यायालयानं तो अर्थ मान्य केला. नद्यांमधल्या छोट्या बोटींवरचे ते 'ब्राउन वॉटर', त्यांना मिळायचं. समुद्रातल्या मोठ्या जहाजांवरचे ते 'ब्लू वॉटर', ते बाहेर.

समुद्रात विष येईल कसं, असा प्रश्न माझ्याही मनात आला होता. उत्तराचा एक धागा ऑस्ट्रेलियातून आला. जहाजावर गोडं पाणी समुद्राच्या पाण्यातूनच करतात: पाणी उकळायचं, वाफ थंड करायची. पिणं, स्वयंपाक, अंघोळ सगळं त्यावर. ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २००२ मध्ये प्रयोगानं दाखवलं की समुद्राच्या पाण्यात डायॉक्सिन असेल, तर ते अशा यंत्रात मागे राहत नाही, वाफेबरोबर गोड्या पाण्यात उतरतं. नद्या आणि ओढे तर ते किनाऱ्याकडे वाहून नेतच होते. अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीनं २०११ मध्ये मात्र सांगितलं की त्या वेळची मोजमापंच नाहीत, त्यामुळे संपर्क आला की नाही हे ठरवता येत नाही. विज्ञानात प्रश्न असा अडकलेला असताना निकाल कायद्यानं लागला. २९ जानेवारी २०१९ ला 'प्रोकोपियो' खटल्यात त्याच फेडरल सर्किटनं आपला जुना निर्णय फिरवला: देशात त्याचा प्रादेशिक समुद्रही येतो, म्हणजे १२ सागरी मैल. आल्फ्रेड प्रोकोपियो १९६६ मध्ये 'इंट्रेपिड' या विमानवाहू जहाजावर होते. त्याच वर्षी २५ जूनला 'ब्लू वॉटर नेव्ही' कायद्यावर सही झाली आणि १ जानेवारी २०२० पासून तो लागू झाला.

सर्वांत आधी तारीख राखून ठेवा

कागद जमवायला महिने लागतात आणि भरपाई साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून मोजली जाते. म्हणून पहिल्या दिवशी एकच काम करायचं: अर्ज करण्याचा इरादा कळवायचा. फॉर्म २१-०९६६ भरून पाठवता येतो, व्हीएच्या संकेतस्थळावर करता येतं किंवा ८००-८२७-१००० या क्रमांकावर फोन करूनही सांगता येतं. त्या दिवसापासून पूर्ण अर्ज करायला एक वर्ष मिळतं. वर्षाच्या आत अर्ज गेला आणि मंजूर झाला, तर पैसे त्या पहिल्या तारखेपासून धरले जातात. दहा मिनिटांचं काम आहे. आज संध्याकाळी करून टाका.

त्याच दिवशी घरातल्यांना दुसरा प्रश्न विचारा: यापूर्वी कधी अर्ज केला होता का? आमच्या सासऱ्यांसारखे अनेक जण 'नाही' म्हणतात, कारण नकार आलेला अर्ज त्यांच्या लेखी अर्जच नसतो. नीट खोदून विचारा. २५ सप्टेंबर १९८५ ते १ जानेवारी २०२० या काळात यादीतल्या आजारासाठी अर्ज केला असेल आणि समुद्रातली सेवा चालत नाही म्हणून तो नाकारला गेला असेल, तर नव्या कायद्याप्रमाणे जुन्या अर्जाची तारीख धरता येते. 'नेहमर' या जुन्या सामूहिक खटल्यातल्या तडजोडीचाही इथे आधार आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायालयानं असे नाकारलेले अर्ज व्हीएनं आपणहून पुन्हा तपासावेत असा आदेश दिला. तरी पत्र येईल म्हणून वाट बघत बसू नका. पत्ते बदललेले असतात, माणसं मुलांकडे राहायला गेलेली असतात.

जहाज कुठे होतं, याचा पुरावा

सगळ्या अर्जाचा जीव इथे आहे. दोन गोष्टी वेगवेगळ्या दाखवायच्या असतात: माणूस त्या जहाजावर होता, आणि तो असताना जहाज त्या पाण्यात होतं.

पहिलीसाठी डीडी-२१४ हा सेवामुक्तीचा दाखला लागतो, पण तेवढ्यावर भागत नाही. त्यात बहुधा शेवटची नेमणूक असते आणि युद्धकाळातलं जहाज त्याआधीचं असू शकतं. म्हणून सेंट लुईसच्या राष्ट्रीय सेवानोंद केंद्राकडून पूर्ण सेवापुस्तिका मागवा, फॉर्म एसएफ-१८० भरून किंवा ऑनलाइन. त्यात कोणत्या तारखेला कोणत्या जहाजावर रुजू झाले आणि कधी उतरले याच्या नोंदी असतात. कुणी सांगेल की १९७३ च्या आगीत सगळी कागदपत्रं जळाली. ती आग खरी, पण त्यात लष्कराच्या आणि हवाई दलाच्या नोंदी गेल्या. नौदलाच्या शाबूत आहेत. या समजुतीनं मागणीच न करणारी माणसं मी पाहिली आहेत.

आता जहाज. व्हीएकडे जहाजांची जागा तारखेनुसार तपासण्याची यंत्रणा आहे आणि अर्जात जहाजाचं नाव आणि महिने दिलेत तर ते स्वतः तपासतात. तरी मी म्हणेन, डेक लॉग स्वतः वाचा. डेक लॉग म्हणजे जहाजाची रोजनिशी. चार-चार तासांच्या पाळ्या असतात आणि प्रत्येक पाळीचा अधिकारी काय घडलं ते लिहून सही करतो. व्हिएतनाम काळातले हे लॉग मेरीलँडमधल्या कॉलेज पार्कच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि मोठ्या प्रमाणावर स्कॅन होऊन त्यांच्या ऑनलाइन सूचीत विनामूल्य बघता येतात.

आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून बसलो होतो. टंकलेखन यंत्रावरची फिकट अक्षरं. पानाच्या वरच्या भागात सकाळी ८, दुपारी १२ आणि रात्री ८ वाजताचे अक्षांश-रेखांश, खाली पाळ्यांचा मजकूर: वेग बदलला, दिशा बदलली, तेल भरून घेतलं. सासरे तीन-चार पानं गप्प होते. मग एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. दा नांगच्या बंदरात नांगर टाकल्याची नोंद होती. "त्या दिवशी टपाल आलं होतं," एवढंच म्हणाले. पन्नास वर्षांनी.

लॉग वाचताना काय शोधायचं? नांगर टाकल्याची नोंद सर्वांत भक्कम. दा नांगसारख्या बंदरात जहाज थांबलं असेल, तर अंतराचा प्रश्नच उरत नाही. किनाऱ्यावरच्या एखाद्या टेकडीची किंवा दीपगृहाची दिशा आणि अंतर दिलेलं असेल, तर तेही चालतं. छोटी बोट किनाऱ्यावर पाठवल्याची नोंद असेल, तर ते पान वेगळं काढून ठेवा. आणि तोफा डागल्याची नोंद. हे मला एका जुन्या गनरनं, म्हणजे तोफ चालवणाऱ्या नौसैनिकानं, समजावलं: बऱ्याच डिस्ट्रॉयर युद्धनौकांवर पाच इंची, अडतीस कॅलिबरच्या तोफा होत्या, त्यांचा पल्ला सोळा-सतरा किलोमीटर. १२ सागरी मैल म्हणजे २२ किलोमीटर. अशा तोफांनी दक्षिण व्हिएतनामच्या जमिनीवर मारा केला असेल, तर जहाज हद्दीच्या आतच असणार. ही ओळ अर्जासोबतच्या निवेदनात स्पष्ट लिहा. तपासणारा प्रत्येक माणूस तोफांचा जाणकार असतोच असं नाही.

अंतर मोजताना एक चूक सर्रास होते. १२ मैल मुख्य किनाऱ्यापासून मोजायचे नाहीत. कायद्यात अक्षांश-रेखांशांनी एक रेषा आखून दिली आहे आणि ती बाहेरच्या बेटांवरून जाते: दक्षिणेला थो चू आणि कॉन दाओ, मग फू क्वी बेटसमूह, ली सन, उत्तरेला कॉन को. या रेषेच्या आतलं सगळं पाणी आणि तिच्याबाहेर आणखी १२ मैल, एवढा पट्टा धरला जातो. त्यामुळे दक्षिणेकडे मुख्य किनाऱ्यापासून बरंच लांब असलेलं जहाजही आत बसू शकतं. नकाशावर नुसता किनारा बघून कुणी 'तुम्ही फार लांब होता' म्हणालं, तर ऐकून घेऊ नका. त्या बिंदूंची यादी कायद्यातच आहे. एकेक लावून बघा.

उलट बाजूही सांगायला हवी. ही रेषा दक्षिण व्हिएतनामची आहे. टोंकिनच्या आखातात 'यांकी स्टेशन'वर तैनात असलेली विमानवाहू जहाजं बहुतेक वेळ या पट्ट्याच्या बाहेर असायची. उत्तर व्हिएतनामच्या किनाऱ्यावर मारा करणाऱ्या जहाजांचे ते दिवसही यात येत नाहीत. पण अशी जहाजंही मधल्या काळात दक्षिणेला आलेली असतात, आणि कायद्याला कमीत कमी दिवसांची अट नाही. एक दिवस पुरतो. म्हणून एकाच मोहिमेचा लॉग बघून थांबू नका.

व्हिएतनाम सेवापदक एकटं पुरावा होत नाही, कारण ते आजूबाजूच्या समुद्रातल्या सेवेसाठीही दिलं जायचं. सोबत्यांची निवेदनं मात्र उपयोगी पडतात, त्यांच्यासाठी फॉर्म २१-१०२१० आहे. तटरक्षक दलाच्या जहाजांनाही हेच नियम लागू. आणि नौसैनिक व्हिएतनामच्या पाण्यात नसून ग्वाम किंवा अमेरिकन सामोआला, त्यांच्या प्रादेशिक समुद्रात, ९ जानेवारी १९६२ ते ३१ जुलै १९८० या काळात असेल, तर २०२२ च्या पॅक्ट कायद्यानं तोही यात येतो. जॉन्स्टन अटॉलसाठी १ जानेवारी १९७२ ते ३० सप्टेंबर १९७७. उरलेलं तणनाशक तिथेच साठवलं होतं.

आजार यादीत आहे का

यादीत हे आजार आहेत: टाइप २ मधुमेह, इस्केमिक (म्हणजे हृदयाला रक्तपुरवठा कमी पडल्यामुळे होणारा) हृदयरोग, प्रोस्टेटचा कर्करोग, फुप्फुस, श्वासनलिका आणि स्वरयंत्राचे कर्करोग, मूत्राशयाचा कर्करोग, हॉजकिन आणि नॉन-हॉजकिन लिम्फोमा, मल्टिपल मायलोमा, बी-पेशींचे दीर्घकालीन रक्तकर्करोग, मऊ ऊतींचे काही सार्कोमा, एएल अमायलॉइडोसिस, पार्किन्सन आणि त्यासारखी लक्षणं असलेला पार्किन्सनिझम, हायपोथायरॉइडिझम. पॅक्ट कायद्यानं उच्च रक्तदाब आणि एमजीयूएस ही रक्तातली स्थिती यांची भर घातली. क्लोरॅक्ने, पॉर्फिरिया आणि लवकर सुरू होणारी परिधीय न्यूरोपॅथी, म्हणजे हातापायांच्या नसांचा आजार, यांना मात्र अट आहे: संपर्कानंतर एका वर्षात दिसायला हवीत.

या शेवटच्या अटीमुळे पायांच्या बधिरपणाचे अर्ज पडतात. सत्तरीत पायांना मुंग्या येऊ लागल्या आणि अर्जात 'एजंट ऑरेंजमुळे न्यूरोपॅथी' लिहिलं, तर नकार ठरलेला. तोच त्रास 'मधुमेहामुळे झालेली न्यूरोपॅथी' असा लिहा. मधुमेह मंजूर झाला की त्याच्यामुळे झालेलं मूत्रपिंडाचं, डोळ्यांचं, नसांचं दुखणं दुय्यम आजार म्हणून धरता येतं. दोन आजारांची साखळी डॉक्टरांनी लिहून दिलेली असावी, इतकंच.

मराठी डॉक्टरांना इथे एक विनंती. नोंदीत नुसतं 'मधुमेह' लिहू नका, 'टाइप २' लिहा. नुसतं 'हृदयविकार' लिहू नका, इस्केमिक असेल तर तसं लिहा. निदान कधी झालं ती तारीख लिहा. तुमच्या एका शब्दावर समोरच्या म्हाताऱ्याचं वर्ष वाचतं.

अर्ज कोणता आणि कुणाच्या मदतीनं

पूर्वी कधीच अर्ज केला नसेल तर फॉर्म २१-५२६ ईझेड. त्याच आजारासाठी पूर्वी नकार आला असेल तर पूरक अर्ज, फॉर्म २०-०९९५, आणि त्यावर ठळकपणे 'ब्लू वॉटर नेव्ही' असं लिहा. जुन्या नकाराची प्रत जोडा. खासगी डॉक्टरांच्या नोंदी व्हीएनं मागवाव्यात असं वाटत असेल तर २१-४१४२. वय ८५ किंवा त्याहून जास्त असेल किंवा आजार शेवटच्या टप्प्यातला असेल, तर फॉर्म २०-१०२०७ नं प्राधान्य मागता येतं. हे मागायला माणसं संकोचतात. मागा.

एका गैरसमजाबद्दल वेगळं सांगते. व्हीएच्या रुग्णालयात 'एजंट ऑरेंज रजिस्ट्री'ची आरोग्य तपासणी होते. ती झाली की अर्ज झाला असं अनेकांना वाटतं. तो अर्ज नाही. त्यातून एक पैसा सुरू होत नाही.

फॉर्म एकट्यानं भरू नका. डीएव्ही, व्हीएफडब्ल्यू, अमेरिकन लीजन, व्हिएतनाम व्हेटरन्स ऑफ अमेरिका या माजी सैनिकांच्या संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी हे काम फुकट करतात. बहुतेक काउंटींचं स्वतःचं माजी सैनिक कार्यालयही असतं. फॉर्म २१-२२ वर सही करून त्यांना प्रतिनिधी नेमायचं. आमच्याकडे एका कंपनीचा फोन आला होता: अर्ज आम्ही करतो, मंजूर झाला की पाच महिन्यांच्या वाढीव रकमेएवढे पैसे द्या. सासरे हो म्हणणार होते, कारण बोलणारा मुलगा फार अदबीनं बोलत होता. पहिल्या अर्जासाठी पैसे घ्यायला कायद्यानं कुणालाच परवानगी नाही. वकीलसुद्धा निकालाचं पत्र आल्यानंतरच्या कामासाठीच फी घेऊ शकतो, तोही व्हीएची मान्यता असलेला. थकबाकीच्या २० टक्क्यांपर्यंतची फी वाजवी मानली जाते, तेहतीस टक्क्यांच्या वर गेली की अवाजवी. समोरच्याचं नाव व्हीएच्या मान्यताप्राप्तांच्या यादीत शोधायला दोन मिनिटं लागतात.

तपासणीचा दिवस

अर्ज गेला की बहुधा आरोग्य तपासणीसाठी बोलावतात. ती चुकवली आणि कळवलंही नाही, तर अर्ज तिथेच पडू शकतो. फोन अनोळखी क्रमांकावरून येतो आणि म्हातारी माणसं तो उचलत नाहीत. घरात सांगून ठेवा.

आणि सोबत जा. कारण डॉक्टरांनी "कसे आहात?" विचारलं की त्या पिढीचा नौसैनिक "उत्तम" म्हणतो. आमच्याकडचे आजोबा वेगळं काय म्हणतात? सासऱ्यांना मी आदल्या रात्री लिहायला बसवलं: जिना चढताना कितव्या पायरीवर दम लागतो, रात्री किती वेळा उठावं लागतं, शर्टाची बटणं कोण लावतं. नववी पायरी, चार वेळा, सासूबाई. सकाळी तो कागद त्यांच्या खिशात होता आणि त्यांनी तो वाचून दाखवला. अतिशयोक्ती करायची नाही. पण वाईट दिवस कसा असतो ते सांगायचं.

टक्केवारीचं गणित

मंजूर आजाराला ० ते १०० मध्ये टक्के मिळतात. मधुमेह गोळ्या किंवा इन्सुलिन आणि पथ्यावर असेल तर २०, फक्त पथ्यावर असेल तर १०. हृदयरोगात श्रमाची क्षमता मेट्समध्ये, म्हणजे श्रमाला लागणाऱ्या ऊर्जेच्या एककात, मोजतात: ३ किंवा त्याहून कमी मेट्सला दम लागत असेल तर १००, ५ पर्यंत ६०, ७ पर्यंत ३०. प्रोस्टेटचा कर्करोग सक्रिय असताना १००, उपचार संपल्यावर सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी आणि मग उरलेल्या त्रासावर टक्के. त्या वेळी लघवीच्या तक्रारी लाजून लपवल्या, तर टक्के घसरतात. रक्तदाबाला १० टक्के मिळायला वरचा आकडा बहुतांशी १६० किंवा खालचा १०० हवा, किंवा पूर्वी खालचा बहुतांशी १०० किंवा त्याहून जास्त असून कायम औषध चालू हवं. म्हणून जुन्या नोंदी शोधा. ० टक्के मिळाले तरी तो आजार मान्य झाला, आणि पुढे त्यातून काही उद्भवलं तर पाया तयार असतो.

टक्क्यांची बेरीज सरळ होत नाही. हृदयरोगाचे ६० आणि मधुमेहाचे २० म्हणजे ८० नव्हेत. ६० गेले, उरले ४०, त्यांचे २० टक्के म्हणजे ८. एकूण ६८, जवळच्या दहात ७०. हे आधी समजावून सांगितलं की निकालाचं पत्र बघून चिडचिड होत नाही. डिसेंबर २०२४ पासूनच्या दरानं एकट्या माणसाला १० टक्क्यांचे महिना १७५.५१ डॉलर आणि १०० टक्क्यांचे ३,८३१.३० डॉलर होते. दर महागाईप्रमाणे दर वर्षी डिसेंबरला बदलतात. ३० टक्क्यांपासून पुढे पत्नी आणि अवलंबून असलेल्यांसाठी जास्त मिळतात, त्याची नोंद २१-६८६सी वर करावी लागते. या रकमेवर आयकर नाही.

नकार आला तर

पत्राच्या तारखेपासून एक वर्ष असतं आणि वाटा तीन. नवा पुरावा मिळाला असेल, समजा डेक लॉगचं एखादं पान, तर पूरक अर्ज. पुरावा तोच पण वाचला चुकीचा असं वाटत असेल, तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरतपासणी, फॉर्म २०-०९९६. तिसरी वाट अपील मंडळाची, फॉर्म १०१८२. ती लांबची आहे. समुद्रातल्या सेवेच्या बहुतेक नकारांना मी पहिली वाट सुचवेन, कारण अडचण सहसा जागेच्या पुराव्याची असते आणि तो शोधला तर सापडतो. भरपाई योग्य तारखेपासून लागू झाली आहे का, हेही बघा. मंजुरीच्या पत्रात टक्के बरोबर आणि तारीख चुकीची असंही होतं, आणि आनंदात ती कुणी वाचत नाही.

नौसैनिक आता नसेल तर

इथे बायका मागे सरतात. "तेच गेले, आता माझं काय?" असं म्हणतात. त्यांचा स्वतंत्र हक्क आहे. यादीतल्या आजारानं मृत्यू झाला असेल, तर हयात पत्नीला डीआयसी हा मासिक भत्ता मिळतो, डिसेंबर २०२४ च्या दरानं १,६५३.०७ डॉलर. फॉर्म २१पी-५३४ ईझेड. पती हयात असताना त्यांनी कधी अर्ज केला नव्हता, तरीही. पूर्वी नाकारला गेला असेल तर पुन्हा करता येतो.

मृत्यूच्या दाखल्यात नीट बघा. मुख्य कारण न्यूमोनिया लिहिलेलं असतं आणि मधुमेह किंवा हृदयरोग 'हातभार लावणारं कारण' म्हणून खालच्या ओळीत. ती खालची ओळही मोजली जाते. आणि ती लिहायची राहून गेली असेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखला दुरुस्त करायला किंवा तसं पत्र द्यायला सांगता येतं.

पतीचा अर्ज चालू असताना मृत्यू झाला, तर त्यांच्या जागी उभं राहून तो पुढे चालवता येतो, पण मागणी मृत्यूपासून एका वर्षाच्या आत जायला हवी. डीआयसीचा अर्जही वर्षाच्या आत गेला, तर भत्ता मृत्यूच्या महिन्यापासून धरतात. पहिल्या वर्षात घरात कागद उघडायचं कुणाचं मन होत नाही. त्या घरात तुमचं येणंजाणं असेल, तर दहाव्या-अकराव्या महिन्यापर्यंत थांबू नका. एखाद्या दुपारी जा, चहा घ्या आणि विचारा, त्यांचे नौदलाचे कागद कुठे ठेवले आहेत.